सुवर्णनाण्यांचा न मांडलेला जमाखर्च

नाणे हे देवघेवीचे साधन आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. परंतु नाणे हे त्याच वेळी राज्यसत्तेचे जाहीर निवेदनही असते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला त्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन पाडला, तो बाजारात चलनाची चणचण होती म्हणून नव्हे. या भूमीवर आता एक स्वतंत्र सिंहासन उभे आहे, हे दिल्लीला, विजापूरला आणि किनाऱ्यावरच्या टोपीकरांना सांगण्यासाठी तो पाडला गेला. रयतेच्या हाती खेळली ती तांब्याची शिवराई. होन होता तो सार्वभौमत्वाची द्वाही फिरवण्यासाठी. म्हणूनच एखादे राज्य आपल्या नाण्यावर काय कोरते आणि काय कोरायचे टाळते, यावरून ते स्वतःच्या इतिहासाकडे कोणत्या नजरेने पाहते हे कळू शकते.

गेल्या चार दशकांत पाश्चात्त्य देशांच्या सरकारी टांकसाळींनी ऐतिहासिक सागरसफरींच्या स्मरणार्थ नाणी पाडण्याचा सपाटा लावलेला आहे. पोर्तुगालने १९८७ पासून आपल्या दर्यावर्दी ‘शोधां’च्या गौरवार्थ नाण्यांची एक दीर्घ मालिकाच सुरू केली. ती तांबे-निकेलपासून सोन्यापर्यंत निरनिराळ्या धातूंत निघाली. कोलंबसाच्या सफरीला पाचशे वर्षे झाली तेव्हा, १९९२ साली, अमेरिकेच्या टांकसाळीने पाच डॉलर दर्शनी किमतीचे सोन्याचे नाणे काढले. जेम्स कुकच्या पहिल्या सफरीच्या अडीचशेव्या वर्षानिमित्त ब्रिटनच्या टांकसाळीने २०१८ ते २०२० या काळात तीन नाणी काढली आणि तीही सोन्यात उपलब्ध करून दिली. मॅगेलनच्या बेड्याने आरंभलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेची पंचशताब्दी पोर्तुगालने २०१९ ते २०२२ या चार वर्षांत नाण्यांद्वारेच साजरी केली. फुगलेली शिडे, होकायंत्रे, नकाशे, क्षितिजाकडे लागलेले डोळे, असा या नाण्यांचा ठरीव थाट असतो.

या नाण्यांचे अर्थकारण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या १९९२ च्या नाण्यावर पाच डॉलर अशी किंमत कोरलेली होती. पण त्यात शुद्ध सोने होते सुमारे साडेसात ग्रॅम, ज्याची त्या वर्षीच्या बाजारभावाने किंमत ऐंशी डॉलरांच्या घरात जात होती. पाच डॉलरांच्या भाजीपाल्यासाठी असे नाणे कोणी बाजारात मोडत नाही, हे उघड आहे. म्हणजे हे चलन केवळ नावापुरते. वस्तुतः तो एक माल आहे. धातूची किंमत, घडणावळ, नफा आणि त्यावर कायद्याने लावलेला अधिभार असे सर्व मिळून तो संग्राहकाला विकला जातो. या नाण्यावर ३५ डॉलरांचा अधिभार होता, चांदीच्या डॉलरवर ७ डॉलरांचा आणि अर्ध्या डॉलरच्या नाण्यावर १ डॉलरचा. ही रक्कम कोलंबसाच्याच नावाने स्थापन झालेल्या एका प्रतिष्ठानाला, नव्या संशोधनासाठी शिष्यवृत्त्या देण्यास, मिळावी अशी कायद्यात तरतूद होती. ज्यांच्या भूमीवर कोलंबस उतरला त्यांच्या वंशजांचा त्या तरतुदीत उल्लेख नव्हता. ही परंपराही जुनीच. अमेरिकेचे पहिले स्मारकनाणे १८९२ साली निघाले, तेही कोलंबसाचेच. शिकागोच्या प्रदर्शनात अर्ध्या डॉलरचे ते नाणे एका डॉलरला विकावयास ठेवले होते. जवळजवळ पन्नास लाख नाणी पाडली गेली आणि न खपल्याने त्यांतील निम्मी पुन्हा भट्टीत घालावी लागली.

हा सारा परदेशातील हौशी संग्राहकांचा खेळ आहे, महाराष्ट्रातील वा गोमंतकातील कार्यकर्त्याचा त्याच्याशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध आहे आणि तो जवळचा आहे. पोर्तुगालच्या त्या मालिकेत १९९८ साली निघालेल्या एका नाण्याचा विषयच ‘इंडिया १४९८’ असा आहे. ज्या घटनेने आपल्या किनाऱ्याच्या गुलामगिरीचा आरंभ झाला, ती घटना तेथे गौरवचिन्ह होऊन बसली आहे. मुरगाव बंदराला लागून असलेल्या शहराचे नाव आजही वास्को द गामा असेच आहे. तेव्हा या नाण्यांच्या दुसऱ्या बाजूवर जे कोरले गेले नाही ते वाचण्याचा अधिकार आपल्याला आहे. तो बजावणे हे कर्तव्यही आहे.

सागरसफरीची द्वाही फिरवणारे सोन्याचे नाणे ही मुळात वास्को द गामाच्याच काळातील कल्पना आहे. त्याची गलबते १४९९ साली लिस्बनला परतली आणि त्याच वर्षी राजा मानुएल याने ‘पोर्तुगेझ’ नावाचे सुमारे ३५ ग्रॅम वजनाचे, दहा क्रुझादो किमतीचे भले थोरले सोन्याचे नाणे पाडावयास घेतले. एवढे वजनदार सुवर्णनाणे त्या वेळच्या युरोपात क्वचितच आढळे. पुढे हँबर्गसारख्या व्यापारी शहरांनी त्याच्या नकलाही काढल्या. त्या नाण्याच्या कडेने राजाची नवी बिरुदावली आद्याक्षरांत कोरलेली होती. इथियोपिया, अरबस्तान, इराण आणि हिंदुस्थान यांच्या विजयाचा, नौकानयनाचा आणि व्यापाराचा स्वामी, असा तिचा आशय. त्या क्षणी हिंदुस्थानात या स्वामीच्या मालकीची वीतभरही जमीन नव्हती. त्याचा एक सरदार कालिकतच्या किनाऱ्यावर काही महिने काढून, पदरी फारसे यश न पडता परतला होता, एवढेच घडले होते. जमीन पुढे बळकावली गेली. मालकीचा दस्तऐवज मात्र आधीच सोन्यात कोरला गेला होता.

कालिकतला प्रत्यक्षात काय घडले, हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने अतिशय बोधप्रद आहे. सामुतिरी राजासाठी गामाने जो नजराणा काढला त्यात कापडाचे बारा तुकडे, काही टोप्या, पोवळ्यांच्या माळा, हात धुण्याची सहा तस्ते, साखर, तेल आणि मध एवढाच ऐवज होता. तो पाहून राजाच्या अधिकाऱ्यांना हसू आवरेना. मक्केहून येणारा गरिबातला गरीब व्यापारीही याहून अधिक देतो, राजाला द्यायचे तर सोने द्यावे, असे त्यांनी सुनावले. हा प्रसंग पोर्तुगीजांच्याच रोजनिशीत नोंदलेला आहे. मिरी, आले, दालचिनी आणि कापड यांनी भरलेल्या त्या बाजारपेठेत विकता येईल असे युरोपकडे फारसे काही नव्हते, हे त्यातून उघड होते. हिंदी महासागरातील व्यापार अरब, गुजराती, मलबारी आणि आफ्रिकी व्यापारी शतकानुशतके करीत आले होते. समुद्रावर कोणा एकाची मालकी असते ही कल्पनाच तेथे नव्हती. त्या व्यापारात शिरायचे तर मोबदल्यात माल हवा किंवा सोने हवे. माल नव्हता आणि सोने पुरेसे नव्हते. मग तोफ पुढे आली.

गामाची दुसरी सफर १५०२ साली निघाली ती याच हिशेबाने. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील किल्वा या संपन्न बंदरासमोर त्याने तोफा रोखल्या आणि तेथील सुलतानाकडून दीड हजार मिथ्काल सोने खंडणी म्हणून वसूल केले. मिथ्काल हे त्या किनाऱ्यावरचे सोन्याचे वजन. पुढे मलबारच्या समुद्रात मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे एक जहाज त्याने अडवले, लुटले आणि बायकामुलांसह पेटवून दिले. शेकडो माणसे त्यात होरपळून वा बुडून मेली. याची साक्ष त्याच्याच ताफ्यातील तोमे लोपेश याने लिहून ठेवली आहे. किल्व्याच्या सोन्याचे काय झाले? राजाज्ञेवरून त्याचे एक भव्य पूजापात्र घडवण्यात आले. १५०६ साली पूर्ण झालेले ते पात्र लिस्बनच्या राष्ट्रीय प्राचीन कला संग्रहालयात आहे. पाहणारे त्याच्या कारागिरीने थक्क होतात आणि ते योग्यच आहे. पण ते सोने ज्यांच्या तिजोरीतून आले त्यांना त्याच्या नावात स्थान नाही.

१५१० मध्ये आफोन्सो द आल्बुकेर्कने गोवा घेतला आणि तत्काळ तेथे टांकसाळ उघडली. सोन्याची, चांदीची आणि तांब्याची नाणी पाडली गेली. त्यांच्यावर ख्रिस्ती पंथाचा क्रूस आणि मानुएल राजाचे चिन्ह असलेला खगोल होता. त्याच्या जोडीला कार्ताजची पद्धत होतीच. कार्ताज म्हणजे समुद्रात फिरण्याचा परवाना. जे पाणी आजवर सर्वांचे होते, त्यावरून जाण्यासाठी आपल्या व्यापाऱ्यांनी परक्याकडून दाखला विकत घ्यायचा, ठरवून दिलेल्या बंदरात जकात भरायची आणि दाखला नसेल तर जहाजासकट माल गमवायचा. मुक्त व्यापाराच्या गौरवगाथेत हा दाखला दाखवला जात नाही. व्यापाराचा मार्ग शोधला गेला असे म्हणण्यापेक्षा चालू व्यापारावर तोफेच्या बळाने कर बसवला गेला, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा हिशेब तर याहूनही जुना आहे. पोर्तुगालने क्रुझादो हे सोन्याचे नाणे १४५७ साली काढले ते गिनीच्या सोन्यातून. १४८२ मध्ये त्या किनाऱ्यावर एल्मिनाचा किल्ला बांधला गेला तोही सोन्याच्याच ओढीने. पण सोन्याबरोबर माणसेही जहाजांत भरली जात होती. ८ ऑगस्ट १४४४ रोजी पोर्तुगालमधील लागुश येथे २३५ आफ्रिकी बंदिवान किनाऱ्यावर उतरवून त्यांची वाटणी करण्यात आली. आईपासून मूल आणि नवऱ्यापासून बायको तोडली जात असताना उठलेला आक्रोश राजाच्याच बखरकाराने वर्णिला आहे. १९८७ साली नाण्यांची जी मालिका सुरू झाली तिच्या आरंभीच्या नाण्यांपैकी एक आहे नुनु त्रिश्तांव याच्या नावाचे. माणसे पकडून आणण्याच्या या धंद्याचा तो एक आरंभकर्ता, आणि त्याचा अंतही १४४६ साली आफ्रिकी किनाऱ्यावरील अशाच एका मोहिमेत झाला. त्याच्या गौरवाच्या नाण्यावर गलबत दिसते. गलबताच्या पोटात कोण होते ते दिसत नाही. इंग्रजांची स्थिती निराळी नव्हती. १६६३ पासून त्यांनी काढलेल्या सुवर्णनाण्याला ‘गिनी’ हे नाव पडले तेच मुळी आफ्रिकेच्या त्या किनाऱ्यावरून. आणि ज्या कंपनीने ते सोने आणले तिच्या नाण्यांवर हत्तीची मुद्रा असे. तीच कंपनी पुढे हजारो माणसांची गुलाम म्हणून विक्री करीत होती.

कोलंबसाच्या बाबतीत तर स्मारकनाणे या शब्दालाच एक भीषण अर्थ येतो. हिस्पानिओला बेटावर १४९५ साली त्याने खंडणीची पद्धत बसवली. सोन्याच्या खाणींच्या मुलखात राहणाऱ्या चौदा वर्षांवरील प्रत्येक ताईनो माणसाने दर तीन महिन्यांनी ससाण्याच्या पायातील घुंगरू भरेल एवढी सोन्याची रेती आणून द्यायची. जेथे सोने नाही तेथे सुमारे पंचवीस पौंड कापूस द्यायचा. ज्याने खंडणी भरली त्याच्या गळ्यात पावती म्हणून धातूचे एक पदक अडकवले जाई. पदक नसेल तो शिक्षेला पात्र. या सफरीच्या स्मरणार्थ पुढे अनेक पदके आणि नाणी निघाली. परंतु पहिले पदक हे होते. ते कोलंबसाच्या छातीवर झळकले नाही, ताईनोंच्या गळ्यात पडले. १५१४ साली त्या बेटावरील मूळ रहिवाशांची मोजदाद झाली तेव्हा एके काळी लाखांनी नांदणाऱ्या त्या समाजातील जेमतेम पंचवीस-सव्वीस हजार माणसे उरली होती. काहींना नव्या रोगांनी नेले, काहींना उपासमारीने, तर काहींना खाणीतल्या सक्तीच्या श्रमाने.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. हा युरोप विरुद्ध आशिया किंवा गोरे विरुद्ध काळे असा हिशेब नव्हे. सत्ताधाऱ्यांनी आपल्या देशातील गरिबांशीही कोणता व्यवहार केला ते पाहिले की ही गोष्ट स्पष्ट होते. गामाच्या पहिल्या सफरीवर गेलेल्या खलाशांपैकी निम्म्याहून अधिक माणसे परतली नाहीत. हिरड्या सडवणाऱ्या स्कर्व्हीने त्यांचा बळी घेतला. मॅगेलनच्या पाच जहाजांवर अडीचशेच्या आसपास माणसे होती. १५२२ साली एकुलते एक जहाज स्पेनला परतले तेव्हा त्यावर १८ युरोपीय खलाशी उरले होते. त्यांच्या जिवावर मिळालेली मिरी राजाच्या मक्तेदारीत गेली, लवंग सावकारांच्या वखारीत गेली. १५०३ ते १६६० या काळात अमेरिकेतून सेव्हिलला नोंदणीकृत मार्गाने जे धन आले त्याचा हिशेब अर्ल हॅमिल्टन या अर्थशास्त्रज्ञाने १९३४ साली मांडला. तो आहे सुमारे १८५ टन सोने आणि १६ हजार टनांहून अधिक चांदी. एवढे धन येऊनही स्पेनच्या राजसत्तेने १५५७, १५७५ आणि १५९६ साली आपले दिवाळे जाहीर केले. सोळाव्या शतकात तेथील किमती तिपटी-चौपटीने चढल्या आणि भाकरी महागली. सोने युद्धांत, दरबारी डामडौलात आणि सावकारांच्या व्याजात जिरले. शेती आणि उद्योग मागे पडले. पोर्तुगालची कथा याहून वेगळी नाही. चार-पाच शतके साम्राज्य भोगलेल्या त्या देशात १९७० साली जवळजवळ चौथा हिस्सा प्रजा निरक्षर होती, आणि तेथील तरुण पोटासाठी परदेशात मजुरी शोधत होते. धातूचा साठा म्हणजे संपत्ती नव्हे, श्रमाची उत्पादकशक्ती म्हणजे संपत्ती, हा धडा यातून मिळतो. तो शिकण्यासाठी या देशांना फार मोठी किंमत मोजावी लागली, आणि त्याहून मोठी किंमत त्यांच्या वसाहतींना मोजावी लागली.

या गौरवनाण्यांचा राजकारणाशी संबंध किती निकटचा असतो, हे सालाझारच्या हुकूमशाहीने दाखवून दिले. १९६० साली राजपुत्र हेन्री याच्या मृत्यूला पाचशे वर्षे झाली म्हणून लिस्बनमध्ये ‘शोधां’चे प्रचंड स्मारक उभारले गेले आणि हेन्रीच्या नावाची चांदीची नाणी काढली गेली. त्या वेळी गोमंतकात काय चालले होते? १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात नागरी स्वातंत्र्याची ठिणगी टाकली त्याला चौदा वर्षे लोटली होती. मे १९५५ मध्ये ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी गोव्यात शिरली होती; त्याच वर्षी १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार होऊन वीसहून अधिक जण हुतात्मा झाले होते. एकीकडे दर्यावर्दी वैभवाची नाणी आणि दुसरीकडे निःशस्त्रांवर गोळ्या, ही एकाच राज्यसत्तेची दोन कृत्ये होती. नाणे त्या गोळीला इतिहासाचा आधार पुरवीत होते.

गोमंतकाच्या सोन्याची एक गोष्ट तर प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावी अशी आहे. कष्टकरी कुटुंबात सोने हे मिरवण्यापुरते नसते. घरातल्या बाईच्या अंगावरचे चार मणी म्हणजे आजारपणाचा, पेरणीचा, मुलीच्या लग्नाचा आधार. अडीनडीला ते गहाण पडतात आणि पुढच्या सुगीला सोडवून आणले जातात. पोर्तुगीज राजवटीत गोमंतकीयांनी असे दागिने बांको नासियोनाल उल्त्रामारिनो या एकमेव बँकेत ठेवले होते. डिसेंबर १९६१ मध्ये राजवटीचा अंत जवळ आला तेव्हा हे दागिने लिस्बनला नेण्यात आले. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. दागिने मात्र मुक्त झाले नाहीत. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ रोजी हुकूमशाही कोसळली, त्या वर्षाअखेरीस झालेल्या करारान्वये गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करण्यात आले, तरीही दागिने परत यावयास १९९१ साल उजाडले. तीस वर्षांत गहाण ठेवणारे कित्येक हात निघून गेले होते. त्याच काळात, १९८७ पासून, लिस्बनची टांकसाळ शोधसफरींची सुवर्णनाणी पाडीत होती. एकाच शहरात एकीकडे गोमंतकीय बायकांच्या बांगड्या कुलपात पडून होत्या आणि दुसरीकडे त्यांच्या पूर्वजांना ‘शोधून’ काढल्याचा गौरव सोन्यात कोरला जात होता. साम्राज्याच्या हिशेबाचा एवढा बोलका उतारा दुसरा मिळणे कठीण.

या टीकेवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, अज्ञात समुद्रात शीड उभारणाऱ्या माणसांचे धाडस नाकारणे हा कोतेपणा आहे. धाडस कोणी नाकारीत नाही. पण ते धाडस एकट्याचे नव्हते आणि समुद्रही सर्वांना अज्ञात नव्हता. आफ्रिकेच्या मालिंदी बंदरातून गामाला मलबारकडे आणले ते एका अनुभवी वाटाड्याने. पोर्तुगीज इतिहासकार बारुश त्याला गुजराती म्हणतो. मोसमी वाऱ्यांचे ज्ञान आपल्या किनाऱ्यावरच्या तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते. ज्या मार्गाने तो वाटाड्या नित्य ये-जा करीत असे, तो मार्ग त्याच्या मागे बसून आलेल्या पाहुण्याने शोधला असे म्हणायचे आणि नाणे पाहुण्याच्या नावाने पाडायचे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप असा की, पाचशे वर्षांपूर्वीच्या कृत्यांना आजच्या मूल्यांची फूटपट्टी लावू नये. परंतु त्या काळातही ही मूल्ये अगदीच अनोळखी नव्हती. स्पेनच्या अत्याचारांविरुद्ध बार्तोलोमे दे लास कासास या धर्मगुरूने त्याच शतकात आयुष्यभर लेखणी झिजवली. आणि मुख्य मुद्दा हा की, सफरी पंधराव्या शतकातल्या असल्या तरी नाणी विसाव्या आणि एकविसाव्या शतकातली आहेत. गौरव आज केला जातो, तेव्हा त्याची तपासणीही आजच्याच मूल्यांनी होणार. १९९२ साली अमेरिकेतील बर्कली शहराने कोलंबसाच्या दिवशी मूळ रहिवाशांचा दिवस पाळण्यास आरंभ केला. १९९८ साली गामाच्या आगमनाची पंचशताब्दी साजरी करण्याच्या कल्पनेला गोव्यात आणि केरळात तीव्र विरोध झाला. हा विरोध म्हणजे इतिहासाचा द्वेष नव्हता. अर्ध्याच इतिहासाला संपूर्ण म्हणण्यास तो नकार होता.

परंतु दुसऱ्याला लावलेली फूटपट्टी स्वतःला लावण्याची तयारी नसेल तर ही सारी टीका पोकळ ठरेल. २७ जुलै २०२५ रोजी तमिळनाडूतील गंगैकोंड चोळपुरम येथे पंतप्रधानांच्या हस्ते राजेंद्र चोळ याच्या गौरवार्थ एका स्मारकनाण्याचे प्रकाशन झाले. निमित्त होते त्याच्या आग्नेय आशियातील सागरी मोहिमेला हजार वर्षे झाल्याचे. चोळांचे नौकानयन, त्यांची सिंचनव्यवस्था आणि शिल्प यांचा अभिमान कोणालाही वाटावा. पण त्या राजाचे स्वतःचेच शिलालेख सांगतात की, कडारमच्या राजाला पकडून त्याच्या संपत्तीच्या राशी आणि रत्नजडित तोरणद्वार हस्तगत केले गेले. या मोहिमेतून शतकानुशतकांची वसाहत उभी राहिली नाही, हा फरक मोठा आहे आणि तो नोंदवलाच पाहिजे. तरीही लूट ती लूटच. गामाची तोफ निषेधार्ह आणि आपल्या राजाची स्वारी मात्र गौरवास्पद, असे म्हणणारा माणूस साम्राज्यवादाचा विरोधक नसतो. आपली पाळी केव्हा येते याची तो वाट पाहत असतो. राष्ट्रवादाच्या या नशेपासून समाजवादी कार्यकर्त्याने सावध राहिले पाहिजे.

मग स्मरण करायचेच नाही काय? अवश्य करायचे, पण कोणाचे आणि कोणत्या धातूत, हा विवेक हवा. १९६९ साली गांधीशताब्दीनिमित्त भारत सरकारने जी नाणी काढली त्यात वीस पैशांचे नाणेही होते. १९७० साली सर्वांना अन्न मिळावे हा संदेश देणारी आणि १९७३ साली अधिक धान्य पिकवण्याचे आवाहन करणारी नाणी निघाली. या नाण्यांपैकी लहान किमतीची नाणी गिरणीकामगाराच्या खिशात आणि भाजीवालीच्या बटव्यात फिरली. तिजोरीत कुलूपबंद असलेल्या सोन्यापेक्षा त्या हलक्या नाण्यांनी स्मरणाचे काम अधिक प्रामाणिकपणे केले. फिलिपाइन्सनेही एक वाट दाखवली आहे. २७ एप्रिल १५२१ रोजी माक्तानच्या किनाऱ्यावर मॅगेलनचा पराभव करणाऱ्या लापुलापुच्या गौरवार्थ तेथील मध्यवर्ती बँकेने पंचशताब्दीच्या निमित्ताने ५००० पेसोंची स्मारकनोट काढली. एकाच घटनेचे स्मरण पोर्तुगालने नाण्यावर आणि फिलिपाइन्सने नोटेवर केले. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तरच इतिहास पुरता वाचता येतो.

यातून काही मागण्या स्वाभाविकपणे निघतात. सागरसफरींच्या स्मारकनाण्यांतून जो नफा आणि अधिभार गोळा होतो त्याचा एक न्याय्य हिस्सा त्या सफरींनी उद्ध्वस्त झालेल्या समाजांच्या शिक्षणासाठी आणि भाषासंवर्धनासाठी दिला गेला पाहिजे. ‘शोध’ हा शब्द आपल्या पाठ्यपुस्तकांतून जेथे जेथे गामाच्या नावापुढे येतो तेथे तो ‘आगमन’ असा दुरुस्त झाला पाहिजे. हिंदुस्थान हरवलेला नव्हता. आणि आपल्या अभ्यासमंडळांतून सत्याग्रहाच्या इतिहासाबरोबर कार्ताजचा, किल्व्याच्या खंडणीचा आणि लिस्बनला गेलेल्या दागिन्यांचा इतिहासही शिकवला गेला पाहिजे. गोवा मुक्तिसंग्राम हा केवळ झेंडा बदलण्याचा लढा नव्हता, साडेचारशे वर्षांच्या एकतर्फी जमाखर्चावर मारलेली ती काट होती, हे तरुण कार्यकर्त्याला उमगले पाहिजे.

सोन्याचा एक गुण असा की ते गंजत नाही. त्याचा दुसरा गुण असा की ते वितळवले की पूर्वीची कोणतीही खूण त्यावर उरत नाही. ताईनोंच्या घुंगरातले सोने, किल्व्याच्या तिजोरीतले सोने आणि एल्मिनाच्या वखारीतले सोने भट्टीतून बाहेर पडले ते सारखेच पिवळे होऊन. कोणते कोणाचे हे धातू सांगू शकत नाही आणि टांकसाळ सांगू इच्छित नाही. म्हणून ते सांगण्याचे काम जिवंत माणसांवर येऊन पडते. सत्ताधारी आपले वैभव सोन्यावर कोरीत राहतील. ज्यांच्या श्रमातून आणि रक्तातून ते वैभव उभे राहिले त्यांचा हिशेब लोकांच्या स्मृतीत लिहिण्याचे काम लोकचळवळींनीच केले पाहिजे.